नोप्पी

अशोक चौकातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
कधीपासून दुखतंय?
मी म्हणालो, कुठलं?

विनोद नव्हता तो.
चाळीस वर्षं दोन मागांच्या मधल्या बोळात उभा आहे मी.
जुन्या भाडेकरूंत नवीन कोण येऊन राहिलं
हे पोटऱ्यांना कसं कळावं?

श्रावणात रक्त तपासलं, तेव्हा कागदावर
एक आकडा ठळक करून दिला होता.
कारखान्यात आकडा वाढला की मजुरी वाढते,
इथं गोळी लागली.
गुलाबी, हरभऱ्याच्या डाळीएवढी,
रात्री जेवून एक.
शेंगाचटणी चिमूटभरच, तेल न घालता.
सोलापुरात चिमूटभर!
सांगताना बाईंनाही हसू आलं.

दीड महिन्यानंतर
मांड्यांत कुणीतरी ओला टॉवेल पिळायला लागलं.
पहाटे पोटरीत गोळा यायचा,
अंगठा ताठ पत्र्याकडे बघायचा,
आणि बालामणी उठून अंधारातच पाय धरायची.
नोप्पी?
नोप्पी.
आमच्या घरात दुखणं मराठीत सांगत नाहीत.
मराठी बँकेत, रेशनवर, दवाखान्यात.
तिथवर पोचेपर्यंत ते निम्मं होतं.

रामय्या चिट्याल कांड्या भरता भरता म्हणाला,
सोड बे ती गोळी, तीच करलालीय हे सगळं.
माझा मेव्हणा सोडला,
तिसऱ्या दिवशी कन्ना चौकापर्यंत चालत गेला.
चौकाच्या पुढं मेव्हण्याचं काय झालं
हे त्यानं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

सोडली.
कुणाला न सांगता, बिडी सोडल्यासारखी,
फरक इतकाच की बिडी सोडली तेव्हा
गल्लीभर सांगत फिरलो होतो.

पण मी विसरलो, घरात कोण आहे.
दिवसाला हजार बिड्या वळणारी बाई,
पंचविसाचा कट्टा न बघता बांधणारी.
दिवे गेले होते. तिनं कोनाड्यातल्या पट्टीवरून
नुसतं बोट फिरवलं,
म्हणाली, आरु.
सहा कशा? दोन राहायला पायजेत.

मी मागाचं कारण सांगितलं, उन्हाचं सांगितलं,
शेवटी मेव्हण्याचंही सांगितलं.
ती म्हणाली,
ब्रँचमधला मास्तर न बघता छाट काढतो,
तसं करलालाव तुम्ही.
छाट मीपण काढते.
पण आधी हातात घेऊन बघते.

दोघं गेलो. बाई रागावल्या नाहीत,
त्याचंच जास्त वाटलं.
पुन्हा रक्त. या वेळी स्नायूंसाठी.
भिण्यासारखं काही नाही, म्हणाल्या,
थोडे दिवस थांबू, मग दुसरी देते, हलकी,
आणि सोडायचीच झाली तर मला विचारून सोडा.
बालामणीनं मान हलवली, जणू तिलाच सांगितलं.

पंधरा दिवसांत पिळणारे हात सुटले.
मांड्या पुन्हा मांड्या झाल्या.
नवी गोळी पांढरी, एक दिवसाआड,
पट्टीवर तिनं पेनानं फुल्या केल्यात.

आता जे उरलंय, ते गोळीचं नाही.
उजवा खांदा, धोटा अडकला की ओढून ओढून झालेला.
डावी टाच, सिमेंटवर झिजलेली.
गुडघे, त्यांचं तर नावच नको.
गंमत अशी, की ती एक कळ निघून गेल्यावर
ह्या सगळ्या वेगवेगळ्या ऐकू यायला लागल्या.
कारखान्यातले बाकीचे माग बंद पडले
की आपला कसा ऐकू येतो, तशा.

काल रात्री उंबऱ्याशी बसलो होतो.
तिच्या मांडीवर सूप, सुपात पानं.
अंगठ्याचं नख कधीच काळं पडलंय,
हे मी बघत आलोय. विचारलं नव्हतं कधी.

तुला? म्हटलं. नोप्पी?

तिनं डाव्या हातानं थांब अशी खूण केली.
एकविसावर होती.